बिजागरीचे दात

माझ्या थोरल्या भावाचं घोडं एका शिंपल्यापाशी अडलं होतं. शिंपला म्हणजे समुद्रावर गेल्यावर मुलं खिसे भरून आणतात तसला नव्हे. तिळाएवढा. पांढरा, आणि इतका पातळ की चिमटीत जरा जोरात धरला तर त्याचं पीठ व्हायचं. दादा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन लोणावळ्याहून घाट उतरायचा, रायगडच्या किनाऱ्यावर जायचा आणि ओहोटीला खडकांवर वाकून बसायचा. अशाच एका सहलीत कालवांच्या रिकाम्या कवचांच्या खाचांत त्याला हे तीळ चिकटलेले दिसले. त्याने ते घरी आणले, पुस्तकं काढली, आणि ते कुठल्याच पुस्तकात नीट बसेनात. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात, याने समुद्र पोखरून तीळ काढला, असं मी म्हणायचे. तो हसायचा. मनातून त्याला लागायचं हे मला ठाऊक होतं, तरी म्हणायचे.

मी चित्रकलेची शिक्षिका होते. माझे यजमान गेले आणि नोकरीही संपली, तेव्हा मी तुंगार्लीत दादाच्या घरी राहायला आले. त्याने लग्न केलं नव्हतं. घरात आम्ही दोघंच, आणि एक कपाटभर शिंपले. पहिल्याच आठवड्यात मी त्याला सांगितलं की स्वयंपाक मी करीन, भांडी तू घासायचीस, आणि जेवताना शिंपल्यांचा विषय काढायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी त्याने मुकाट मान्य केल्या. तिसरी कधीच पाळली नाही.

त्यामुळे मला नको असतानाही पुष्कळ कळत गेलं. शिंपल्याच्या दोन झडपा जिथे जोडलेल्या असतात तिथे दाराला असते तशी बिजागरी असते. त्या बिजागरीत बारीक दात असतात. एका झडपेचा दात दुसरीच्या खळगीत बसतो, म्हणून झडपा मिटताना सरकत नाहीत. हे दात किती, कुठे आणि कसे, यावरून शिंपल्याचं कूळ ठरतं. दादाच्या तिळाचं कोडं इथेच होतं. कॉलेजच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली त्याला एकदा बिजागरीवर कसलासा उंचवटा दिसला होता. तो दात होता की चिकटलेला मातीचा कण, हे काही ठरेना. दात असतील तर हा जीव एका जुन्या, माहितीच्या गोतावळ्यातला. दात मुळीच नसतील तर तो वेगळाच, आजवर कुणी न नोंदवलेला. निवृत्तीनंतर चांगला मायक्रोस्कोप घ्यायचा आणि याचा सोक्षमोक्ष लावायचा, असं त्याने ठरवलं होतं.

मायक्रोस्कोप आला आणि डोळे गेले. अगदी अंधार झाला नाही. नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग बसला आणि तो वाढत राहिला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माझ्याशी बोलताना तो माझ्या कानाकडे बघायचा, म्हणजे त्याला माझा चेहरा दिसायचा. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे थोपवता आलं तर थोडं थोपवता येईल, गेलेलं परत येणार नाही. परतताना गाडीत तो कामशेत गेल्यावर म्हणाला, "कडेच्या नजरेने मायक्रोस्कोप बघता येत नाही गं." एवढंच. मला त्या क्षणी त्याच्या त्या तिळाचा इतका राग आला की काय सांगू.

दक्षिणेकडच्या एका संशोधक बाई अशाच बारीक शिंपल्यांवर काम करतात. दादाचं त्यांच्याशी फोनवर बोलणं व्हायचं. त्यांनी सांगितलं की चार-सहा शिंपल्यांच्या दोन्ही झडपांच्या बिजागऱ्यांची स्वच्छ चित्रं पाठवा, म्हणजे काही म्हणता येईल. फोन ठेवून दादा माझ्या कानाकडे बघत बसला. त्याने विचारायच्या आधीच मी म्हटलं, "काढीन. पण मध्येमध्ये बोलायचं नाही."

"दिसेल तेच काढायचं," तो म्हणाला. "वाटेल ते नाही."

"मी जन्मभर पोरांना हेच सांगत आले. मला नको शिकवू."

पावसाळा होता. लोणावळ्याचा पावसाळा ज्याने काढला नाही त्याला सांगून पटत नाही. मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही, चपलांवर आणि पट्ट्यांवर हिरवी लव उगवते, भिंतीला हात लावला तर ओला होतो. यावर इथल्या जुन्या घरांत एकच उपाय असतो. कपाटाच्या मागच्या फळीला भोक पाडायचं, वायर आत घ्यायची आणि तळाच्या कप्प्यात पिवळा बल्ब चोवीस तास जळता ठेवायचा. त्या उबेने कपडे कोरडे राहतात, बुरशी धरत नाही. नवे एलईडीचे दिवे आले तेव्हा लोणावळ्यातल्या बायकांनी कपाळाला हात लावला, कारण त्यांना ऊब नाही. दादाने तर बाजारातल्या दुकानदाराकडचे उरलेसुरले पिवळे बल्ब खोकं भरून आणून ठेवले होते. त्याच्या शिंपल्यांच्या कपाटात बल्ब बाराही महिने जळायचा. प्लायवूडचं मजबूत कपाट, आत काडेपेट्या, काडेपेट्यांत कापूस, आणि कापसावर ते तीळ. आमच्या अंथरुणाला वास यायचा, पण त्याच्या शिंपल्यांना कधी बुरशी शिवली नाही. याचा त्याला अभिमान होता.

मी खिडकीशी टेबल मांडून बसले. पहिले काही दिवस नुसतं शिकण्यात गेले. ओल्या ब्रशच्या टोकाने शिंपला उचलायचा, उलटा ठेवायचा, उजेड बाजूने द्यायचा. श्वास सोडला तरी तो उडून जायचा. हळूहळू हात बसला. मग मी बिजागरी पाहिली. एक गुळगुळीत कड होती. दुसऱ्या झडपेवरही तसंच. दुसरा शिंपला घेतला, तिसरा घेतला. दात कुठेच नव्हता.

"दात नाही," मी म्हटलं.

दादा माझ्या मागे उभा होता. त्याने खुर्चीची पाठ धरली. "नीट बघ."

"नीटच बघतेय. काहीसुद्धा नाही. म्हाताऱ्याच्या हिरडीसारखं आहे."

थोड्या वेळाने मला बाहेर त्याच्या शीळ घालण्याचा आवाज आला. आईबाबा असताना तो शीळ घालायचा, त्यानंतर मी ती ऐकली नव्हती.

ते दिवस आमच्या घरात सणासारखे गेले. दादा रोज सकाळी दाढी करू लागला. भजी करायला सांगू लागला. शेजारच्यांना बोलावून त्यांना दात नसण्याचं महत्त्व समजावून सांगू लागला, आणि ते बिचारे भजी खात माना हलवायचे. त्याने संशोधक बाईंना फोन केला. त्याही चकित झाल्या, म्हणाल्या, असं असेल तर हे फारच वेगळं आहे, चित्रं लवकर पाठवा. मी चित्रं करत होते. खरं सांगायचं तर मलाही चढली होती. शाळेत मी आयुष्यभर मुलांकडून फुलदाण्या आणि केळी काढून घेतली. आता माझ्या हातून असं काही उतरत होतं जे याआधी कुणी काढलेलं नव्हतं.

एके दिवशी दुपारच्या चहाला तो म्हणाला, "नाव ठरवलंय मी."

"कसलं?"

"नवी जात असली तर नाव द्यावं लागतं. शोधणाऱ्याने स्वतःचं द्यायचं नसतं, दुसऱ्या कुणाचं चालतं. तुझं देणार आहे. लॅटिन शेपूट लावून."

मी खो खो हसले. म्हटलं, "जन्मात जिचं तोंड मिटलं नाही तिचं नाव शिंपल्याला? लोक काय म्हणतील?" तोही हसला. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. माझं नाव कुणी कशालाच दिलं नव्हतं. द्यावं असं मला कधी वाटलंही नव्हतं. आणि आता ते फार हवंहवंसं वाटायला लागलं.

चित्रं जवळपास झाली होती. बाजूला प्रमाणासाठी एक मोठा, सगळ्यांच्या ओळखीचा शिंपला काढावा, असं माझ्या मनात आलं. दादाकडे एक कवडी होती. लहानपणी आम्ही दोघं तिच्याशी खेळलो होतो. तिची पाठ इतकी चकचकीत होती की तिच्यात खिडकी दिसायची. मी तळाच्या कप्प्यातून, बल्बच्या शेजारच्या डब्यातून, ती काढली.

हातात घेतली आणि मला वाटलं की मी चुकून दुसरंच काही उचललं. ती खडूसारखी झाली होती. चमक गेलेली, पाठीवर बारीक खड्डे, आणि पांढरी भुकटी, जी माझ्या बोटांना लागली. वास घेतला तर आंबट. मी डोकं कपाटात घातलं, आणि आत तोच वास कोंडलेला होता.

शास्त्र मला येत नाही, पण लिंबू पिळलेल्या ताटात शिंपला ठेवला तर तो फसफसतो हे दादानेच मला दाखवलं होतं. प्लायवूडच्या त्या बंद कपाटात ऊब कोंडून लाकडातून, डिंकातून आणि कागदातून आंबट वाफ निघत राहिली आणि बारा महिने शिंपल्यांना खात राहिली. मुठीएवढ्या जाड कवडीची अशी दशा झाली होती, मग तिळाएवढ्या शिंपल्याच्या बिजागरीवरचा दात कुठून उरणार? दात नव्हते असं नाही. कपाटाने ते खाल्ले होते. बुरशीपासून वाचवायला लावलेल्या त्या बल्बनेच हे केलं होतं.

मी कवडी हातात घेऊन दुपारभर बसून राहिले. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत दादा रेडिओ ऐकत होता. मला वाईट विचार आले नाहीत असं मी म्हणणार नाही. चित्रं खोटी नव्हती. मला जे दिसलं तेच मी काढलं होतं. दादाला कवडी दिसणार नव्हती. संशोधक बाई खूप दूर होत्या. पुढेमागे कुणाला कळलं असतं, तोवर आम्ही दोघंही नसतो. त्याला उरलेल्या दिवसांत शीळ घालता आली असती, आणि माझं नाव एका जिवाला लागलं असतं. मी देवाला शिव्या दिल्या. लोणावळ्याच्या पावसाला दिल्या. मग उठले, आत गेले आणि कवडी त्याच्या हातात ठेवली.

त्याने अंगठ्याने तिची पाठ चाचपली. एकदा, मग पुन्हा. ओळखायला त्याला वेळ लागला, कारण ती तशी राहिलीच नव्हती. ओळखल्यावर त्याने ती नाकाशी नेली. रेडिओ चालूच होता.

"तळाच्या कप्प्यातली?" त्याने विचारलं.

"हो."

"लाकडी कपाट शिंपल्यांना खातं असं वाचलं होतं मी," तो म्हणाला. "मला वाटलं ते दमट जागी होतं. आपल्याकडे बल्ब आहे, आपलं कोरडं आहे." मग म्हणाला, "बल्ब बंद कर."

मी बंद केला. परत आले तर तो तसाच बसला होता, कवडी मुठीत धरून. मी म्हटलं, "चित्रं फाडून टाकते." त्यावर मात्र तो चिडला. "फाडायची नाहीत. प्रत्येकाखाली लिही की ही झीज आहे, दात नाहीत असं समजू नये. बाईंना आजच फोन लावून दे." मी लावून दिला. तो त्यांच्याशी अगदी शांतपणे बोलला, वर्गात बोलावं तसा. त्या रात्री तो जेवला नाही. भांडी घासायला मात्र उठला, आणि मी त्याला घासू दिली.

हिवाळ्यात त्याच्या डोळ्यांतला डाग आणखी पसरला. किनाऱ्यावर जायचं मी काढलं तर नको म्हणाला. ओल्या खडकांवर तो पडला असता, आणि ते त्यालाही कळत होतं. पण समुद्र दर चैत्रात मावळात येतोच. कार्ल्याच्या देवीला घाटाखालच्या कोळ्यांच्या पालख्या येतात. कार्ल्यात एक शेतकरी आबा आहेत, ज्यांच्याकडून आम्ही वर्षाचा तांदूळ घेतो. त्यांच्या पडवीत दर यात्रेला एक कोळी कुटुंब उतरतं, त्यांच्या आज्यापणज्यापासून. जाताना ते सुकट देतात आणि तांदूळ घेऊन जातात. ते कुटुंब दादाच्याच किनाऱ्यावरचं आहे. आबांकरवी निरोप धाडला की येताना कालवांच्या रिकाम्या कवचांचे गड्डे ओल्या गोणपाटात घेऊन या.

आम्ही कार्ल्याला गेलो तेव्हा पडवीत ढोल-ताशांचा आवाज पोहोचत होता. गोणपाट सावलीत ठेवलेलं होतं आणि त्याला समुद्राचा वास येत होता. आबा त्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, लोक देवीला कोंबडं-नारळ आणत्यात. तुमी दगडं मागवली व्हय? लय नवल हाय बा."

"आबा, यात आमचं कोंबडं आहे," मी म्हटलं.

आबा हसले. मग दादाकडे निरखून बघत मला हळूच विचारलं, "त्यास्नी दिसतंया का?" मी मानेनेच नाही म्हटलं. आबांनी दादाचा हात धरून त्याला गोणपाटाशी नेऊन बसवलं. दादाने दोन्ही हात आत घातले आणि तसाच बसून राहिला. कोळीणबाई डोक्यावर पदर घेऊन उभी होती, तिने काही विचारलं नाही. नवस फेडायला आलेली माणसं ज्या तऱ्हेने बसतात तसाच तो बसला आहे, असं तिला वाटलं असावं.

घरी आल्यावर मी गड्डे फोडले. खाचांत तीळ होते, आणि या वेळी ते जिवंत होते. एक खाऱ्या पाण्याच्या बशीत घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवला. थोड्या वेळाने झडपा किंचित उघडल्या आणि आतून पारदर्शक जिभेसारखा पाय बाहेर आला. तो चाचपडत पुढे सरकला आणि मग सगळा शिंपला त्याच्यामागे ओढला गेला. कवच इतकं पातळ होतं की आतलं दिसत होतं. आत आणखी कण होते. मी भिंग फिरवलं आणि माझ्या तोंडून आवाज निघाला.

"काय झालं?" दादा म्हणाला.

"हिच्या पोटात पिल्लं आहेत. पुष्कळ. आणि प्रत्येकाला दोन झडपा आहेत, दादा. आत्ताच."

"हो. अंगात वाढवतात ते." तो टेबलावर वाकला. "मी कधी जिवंत पाहिला नाही. वाळलेलेच पाहिले." मग त्याने मला सगळं सांगायला लावलं. पाय कसा निघतो, कोणत्या बाजूने, पिल्लं हलतात का. मी सांगत राहिले आणि तो डोळे मिटून ऐकत राहिला. मी थांबले की म्हणायचा, "सांग."

बिजागरी बघायची तर शिंपला मारून उघडावा लागतो. पिल्लं असलेली मी त्याला न विचारताच बाजूला ठेवली. दुसरा घेतला. दात होता. उजव्या झडपेवर एक, ठळक, आणि डाव्या झडपेवर त्याच्यासाठी खळगी. अगदी स्पष्ट.

"आहे," मी म्हटलं. "दात आहे, दादा."

"काढ," तो म्हणाला. मी काढायला घेतला. त्या दिवशी मला इतकं वाईट वाटलं की पेन्सिल धरवेना. तोच म्हणाला, "हळू काढ. घाई नाही."

नवी चित्रं गेली, आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर बाईंचा फोन आला. स्पीकर लावून आम्ही दोघांनी ऐकला. दातांवरून हा जीव माहितीच्या कुळातला आहे, त्यामुळे मोठं नवल राहिलं नाही. पण त्या कुळातल्या दोन जातींशी तो जुळतो आणि दोन्हींशी पुरता जुळत नाही. तो त्यांच्यापैकीच एकाचा प्रकार असेल किंवा वेगळा असेल. आणखी किनाऱ्यांवरचे नमुने हवेत, अंगातल्या पेशींची तपासणी हवी, त्याला वर्षं लागतील. तूर्तास अनिर्णित. दादाने त्यांचे आभार मानले.

तोवर दादाला फक्त उजेड कळत होता. खिडकी कुठे आहे ते कळायचं, माणूस कळायचा नाही.

त्याने मला काचेच्या छोट्या बाटल्या मागवायला लावल्या. उरलेले शिंपले स्पिरिटमध्ये घालून त्या बुचाने घट्ट बंद करायच्या, लाकडाजवळ ठेवायच्या नाहीत. प्रत्येक बाटलीत जाड कागदाची चिठ्ठी टाकायची, पेन्सिलने लिहिलेली, कारण शाई स्पिरिटमध्ये उतरते. तो सांगत होता आणि मी लिहीत होते. किनारा लिहिला, महिना लिहिला, कोळी कुटुंबाने आणले हेही लिहिलं.

"नावाच्या जागी काय लिहू?" मी विचारलं.

"ती जागा मोकळी सोड."

"मोकळीच?" मला राग आवरेना. "इतकी वर्षं घातलीस, डोळे गेले, आणि शेवटी मोकळी जागा?"

"हो. ज्याला दिसेल तो लिहील," तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं आणि तो ते लपवत नव्हता. मग माझ्याकडे बघावं म्हणून त्याने मान वळवली, आणि तो खिडकीकडे बघून हसला. मी टेबलाशी होते. बाटली खाली ठेवली, आवाज न करता उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.